मुठीचा ठोकळा मधूनच उघडतो तेव्हा

प्रश्न : नमस्कार. मी धायरीत राहतो, टूलरूममधे नोकरी करतो आणि गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी सुऱ्या बनवतो, घरातल्या, मित्रांनी सांगितलेल्या, ट्रेकला नेतात तसल्या. पात्याचं मला जमतं, अडतंय ते मुठीपाशी. मला टँग (पात्याचं मुठीत शिरणारं शेपूट) आत लपलेली, म्हणजे अख्ख्या ठोकळ्यात घुसवलेली मूठ करायची असते, त्याला निदान ३० एमएम जाडीचा ठोकळा लागतो आणि दुकानात जावं तर ६ नाहीतर १० एमएमची शीट दाखवतात. मग मी हायलमचे (रेझिनमधे दाबलेली कडक शीट) १० एमएमचे तीन तुकडे अरल्डाइटने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळायच्या इपॉक्सी गोंदाने, चिकटवले, शिकंज्यात गच्च आवळून रात्रभर ठेवले. दोन मुठी चांगल्या झाल्या, तिसरी महिन्याभरात मधूनच उघडली आणि ज्याला दिली होती त्याने परत आणून दिली, फार वाईट वाटलं. पुण्यात जाड माल मिळतो का, आणि चिकटवायचंच झालं तर माझं नेमकं काय चुकतंय?
— वाचक, धायरी

उत्तर : ती उघडलेली मूठ फेकली नसेल तर आधी हातात घ्या आणि सुटलेल्या दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून नीट बघा, कारण काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं. माझी अशीच एक मूठ सुटली होती, मामेभावाला दिलेली सुरी, त्याच्या बायकोच्या हातात भोपळा कापताना करकन आवाज आला म्हणे, नशीब हाताला लागलं नाही. उघडून बघितली तर कडेने अर्धा सेंटिमीटर अरल्डाइटची पिवळट चौकट आणि मधे हायलम जशी दुकानातून आणली तशीच चकचकीत, इतकी की त्यात डोक्यावरची ट्यूबलाइट दिसत होती. म्हणजे मी चिकटवलं होतं ते फक्त काठाकाठाने, बाकीचा गोंद मीच शिकंजा आवळून बाहेर काढून टाकला होता, आणि जो थोडा उरला त्याला धरायला खरखरीत जागाच नव्हती. तुमचंही बहुतेक हेच झालंय. अरल्डाइटला दोष देऊ नका, दोन मुठी टिकल्या त्या त्याच अरल्डाइटने टिकल्या.

पण चिकटवण्याकडे नंतर येऊ, आधी माल. तुम्ही ज्या दुकानात गेलात तिथे पातळच शीट असणार, पण माल जाड बनतच नाही असं नाही. सुरीवाले ज्याला मायकार्टा म्हणतात ती वस्तू मुळात सुरीसाठी नव्हतीच, अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने ती १९१० च्या आसपास विजेच्या इन्सुलेशनसाठी काढली, कागद किंवा कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमधे, म्हणजे तापवल्यावर कायमचं कडक होणाऱ्या राळेत, भिजवून गरम प्रेसखाली दाबायचे. आपल्याकडे तीच जातकुळी हायलम म्हणून ओळखतात. म्हणून ती शोधायची इलेक्ट्रिकल बाजारात, सुतारी सामानाच्या दुकानात नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला चौकशी करा, आणि त्याहून सोपं म्हणजे तुमच्या जवळपासच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला विचारा की बाबा रे तू इन्सुलेशनचा माल कुठून आणतोस, तो बरोबर पत्ता देतो, माझा अनुभव आहे. तिथे गेल्यावर 'सुरीच्या मुठीसाठी' म्हणू नका, समोरचा गोंधळतो, 'कापडाची हायलम, २५ किंवा ३० एमएम, कटपीस आहे का' असं विचारा. अख्खी शीट चार फूट बाय चार फूट नाहीतर आठ फूट असते, तेवढी तुम्हाला नकोच, तुम्हाला हवा असतो वीतभर तुकडा. असे तुकडे भोसरी, चिंचवडच्या एमआयडीसीत जे लोक हायलम आणि ग्लास इपॉक्सी कापून जिग, पॅकिंग, ट्रान्सफॉर्मरचे भाग बनवून देतात त्यांच्याकडे कोपऱ्यात पडलेले असतात आणि बरेचदा किलोवर मिळतात. तुम्ही टूलरूममधे आहात, तुमच्याच स्टोअरमधे कुणीतरी अशा माणसाला ओळखत असेल.

घेताना कापडाची की कागदाची ते ओळखायला शिका. कापलेल्या कडेला कानस मारा, विणीचे धागे दिसले तर कापडाची, चॉकलेटी सपाट कड दिसली तर कागदाची, आणि दोन्हीला कानस मारताना कार्बोलिक साबणासारखा वास येतो. कडेला हिरवट-पिवळसर आणि उन्हात बारीक चमक दिसली तर ती ग्लास इपॉक्सी, सुरीवाल्यांच्या भाषेत जी १०, त्यातलीच आग न धरणारी ती एफआर ४. वजनातही फरक कळतो. १३० बाय ४० बाय १० एमएमची एक पट्टी कापडाच्या हायलमची साधारण ७० ग्रॅम भरते, तेवढीच जी १० ची ९५ ग्रॅमच्या पुढे. दोन्ही बाजू धरून पन्नास ग्रॅमचा फरक, छोट्या सुरीला एवढ्याने तोल मागे जातो.

अजून एक जागा सांगतो जी फारशी कुणाला सुचत नाही. ऑफिसमधे, मॉलमधे टॉयलेटच्या पार्टिशनला जी जाड कडक फळी असते ती कॉम्पॅक्ट लॅमिनेट, १२ एमएमची, आतला काळा गाभा म्हणजे फिनॉलिकमधे दाबलेला कागदच. इंटिरिअरवाल्यांकडे तिचे तुकडे उरतात आणि ते टाकूनच देतात. किचन ओट्याचं कॉरियन (Corian) ब्रँडसारखं सॉलिड सर्फेसही १२ एमएमचं मिळतं, रंग फार सुंदर असतात, पण त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास खनिज भुकटी असते, त्यामुळे सुरी फरशीवर पडली की कोपरा उडतो. दिवाणखान्यात ठेवायच्या सुरीला चालेल, कामाच्या सुरीला मी लावत नाही.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुने पॅनलबोर्ड येतात, त्यातही जाड माल सापडतो, पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. करडी, सिमेंटसारखी दिसणारी, जड फळी असेल तर हात लावू नका. जुन्या स्विचबोर्डमधे अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या शीट वापरायचे, ती कापली की धूळ फुप्फुसात जाते ती कायमची. कशाची आहे ते ओळखता येत नसेल तर ती तिथेच सोडून यायची, फुकट मिळाली तरी.

आता चिकटवण्याबद्दल. माझं स्पष्ट मत असं की नुसती जाडी हवी म्हणून तीन सारखे तुकडे एकमेकांवर चिकटवू नयेत, जाडीसाठी जाड कटपीसच शोधावा. थर लावायचे ते त्यातून दुसरा काही फायदा होत असेल तर. आणि तुमच्या कामात तो फायदा आहे, तो तुम्ही सोडून देताय! तुम्ही १०-१०-१० लावून मग त्यात टँगसाठी भोक पाडता ना, शंभर एमएम खोल भोक, ड्रिल तिरकं जातं, मग बारीक कानशीने आतून खरवडत बसायचं. त्याऐवजी मधला थर टँगच्या जाडीचा घ्या, टँग ५ एमएमची असेल तर ५ एमएमची शीट, त्यात चिकटवायच्या आधीच जिगसॉने टँगच्या आकाराची खाच कापून घ्या, कानशीने टँग अलगद सरकेल अशी बसवा, आणि दोन्ही बाजूंनी १२ एमएमचे तुकडे लावा. १२ आणि ५ आणि १२, झाले २९. खाच अगदी सरळ, टँगला सगळीकडून सारखा आधार, आणि मधला थर वेगळ्या रंगाचा घेतलात तर पाठीवरून एक सुरेख रेघ दिसते. त्या रेघेसाठी लोक थांबून बघतात.

चिकटवायच्या बाजूची चमक पूर्ण घालवा. ही चमक म्हणजे प्रेसमधे वर आलेला रेझिनचा थर, त्याला काहीच धरत नाही. सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ८० नंबरचा एमरी पेपर ठेवून त्यावर तुकडा इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखा फिरवा, हातात धरून घासू नका, कडा गोल होतात आणि मग सांध्यात काळी रेघ दिसते. पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून घ्या, सगळ्या रेघा गेल्या म्हणजे सपाट झालं. मग धूळ झटकून अॅसिटोनने पुसा, स्वच्छ पांढरं कापड घ्या, एकदा वापरलेली बाजू परत वापरायची नाही. आणि मग ही परीक्षा घ्या, त्यावर थोडं स्वच्छ पाणी सोडा. पाणी सगळीकडे पसरून पातळ पडदा झाला तर जागा तयार आहे, अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले तर कुठेतरी तेल, मेण किंवा तुमच्या बोटांचा घाम आहे, परत घासा. परीक्षा झाली की तुकडा पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर त्या बाजूला बोट लावू नका.

गोंद हळू सुकणारा घ्या. पाच मिनिटांवाला फुटलेल्या कपाला ठीक, मुठीला नाही, तो पाण्यात आणि उष्णतेत लवकर हार मानतो. पॅकवर लिहिलंय त्या प्रमाणात रेझिन आणि हार्डनर काढा, तीन मिनिटं हळूहळू मिसळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. 'हार्डनर थोडं जास्त टाकलं की लवकर कडक होतं' असं सांगणारे खूप भेटतात, तसं होत नाही, इपॉक्सीत दोघांचं प्रमाण ठरलेलं असतं, जास्तीचं हार्डनर तसंच उरतं आणि सांधा मऊ राहतो. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि मधे एक मलमलचा तुकडा ठेवा, धुतलेली, खळ काढलेली मलमल. ही युक्ती मला एका जुन्या पॅटर्नमेकर (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या) काकांनी शिकवली, शिकंजा कितीही आवळला तरी कापडाच्या जाडीएवढा गोंद सांध्यात राहतोच, मधली जागा उपाशी राहत नाही. तुमच्या तिसऱ्या मुठीला हेही हवं होतं.

खाचेत गोंद जाऊ नये म्हणून टँगच्या मापाची लाकडी पट्टी मेण घासून, वर पॅकिंग टेप गुंडाळून आत ठेवा आणि गोंद आवळायला लागला की, म्हणजे चिकट पण न वाहता, तेव्हा एकदा हलवून घ्या, नाहीतर उद्या ती निघणार नाही. ओले थर एकमेकांवर साबणासारखे घसरतात, म्हणून जो भाग पुढे कापून टाकायचाय तिथे आधीच दोन कोपऱ्यांत ३ एमएमची भोकं आरपार पाडून खिळे घाला, थर हलत नाहीत. वरखाली बटर पेपर. शिकंजा हाताने फिरवा, दांड्याला लटकू नका. चारही कडांना गोंदाची बारीक सलग माळ बाहेर आली की थांबा, ती माळ हेच माप. मग चोवीस तास हात लावू नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे दहा-बारा डिग्री होतं तेव्हा चोवीस तासही पुरत नाहीत, तापमान दहा डिग्रीने उतरलं की वेळ साधारण दुप्पट लागतो, मी तेव्हा खोक्यात साठ वॉटचा जुना बल्ब लावून ठोकळा त्याच्यापासून हातभर लांब ठेवतो.

आणि पितळी पिन आरपार घालाच, ५ किंवा ६ एमएमचा रॉड, दोन जागी, थरांना आडवा. सांधा कितीही चांगला असला तरी मूठ पिळली जाते, तो पीळ पिनने घ्यावा. बेल्ट सँडरवर (फिरत्या एमरी पट्ट्याच्या मशिनवर) घासताना मूठ बोटांना सोसवत नाही इतकी तापली की थांबून पाण्यात बुडवा, साधं इपॉक्सी साठ-सत्तर डिग्रीला मऊ पडायला लागतं, आणि घासताना तेवढी उष्णता एका मिनिटात होते. कितीतरी सांधे घरी घासतानाच अर्धे सुटलेले असतात, दिसतात महिन्याने.

धुळीबद्दल एवढंच की जी १० ची धूळ म्हणजे काचेचे धागे. रुमाल बांधून काम करू नका, निदान एन ९५ आणि शक्य असेल तर काडतूसवाला मास्क, आणि जमेल तितकं पाण्यात घासा. कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, लहान मुलं असतील तर अजिबातच नाही.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहतो. कॉलेजच्या कंपोझिट प्रोजेक्टमधलं एलवाय ५५६ (इपॉक्सी रेझिन) आणि एचवाय ९५१ (त्याचं हार्डनर) उरलं होतं त्यात जुन्या जीन्सचे तुकडे भिजवून घरगुती मायकार्टा केला, दिसायला एकदम भारी, पण जुलैत केलेला तुकडा वरून चिकट-तेलकट लागतो आणि त्यावर दुसरा थर चिकटवला तो नखाने निघाला. रेझिन खराब झालं का?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : रेझिन खराब नाही रे, तुला पावसाने गाठलं. हे हार्डनर अमाइन जातीचं असतं, हवेत ओल असली की ते वरच्या पृष्ठभागावर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतं आणि मेणासारखा पातळ थर येतो. तो अॅसिटोनने नुसता इकडचा तिकडे पसरतो, कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि हिरवी घासणी घेऊन धू, वाळव, मग ८० नंबरने घास आणि मग चिकटव. आधी घासलंस तर ते मेण तू आणखी आत रगडतोस, क्रम उलटा करू नकोस. तरीही तुकडा नखाने दबत असेल तर मात्र मिसळताना प्रमाण चुकलंय, मग तो टाकूनच दे. शंभर ग्रॅम रेझिनला दहा ग्रॅम हार्डनर, वजनाने, म्हणून सोनाराचा नसला तरी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा हवाच, अंदाजाने ओतू नकोस. एका वेळी कपात मोठा घाणा पण नको, ते आपलंच आपण तापतं आणि कप वितळतो.

जीन्स कोरी असेल तर आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढ. प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी भिजव, वरून ओतून भागत नाही, मधे पांढरे कोरडे ठिपके राहतात. माझ्याकडे जीन्सचे वीस थर चांगले दाबल्यावर दहा एमएमच्या आसपास बसतात. तुला ३० एमएम हवं असेल तर साठ थर एकदम करू नकोस, मधे उष्णता कोंडते. दहा-दहा एमएमचे तीन कर, आणि पहिला पूर्ण कडक व्हायच्या आत, नख लावलं तर वण उठतो पण गोंद बोटाला येत नाही अशा वेळी त्यावर दुसरा चढव, तेव्हा दोन्ही आतून एकजीव होतात आणि घासायची गरजच पडत नाही. ती वेळ हॉस्टेलवर रात्री दोनला येईल, तेवढं जागायची तयारी ठेव. आणि खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे हातमोजे. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही, माझ्या ओळखीच्या एका चांगल्या कारागिराला त्यापायी हे काम सोडावं लागलं.

प्रश्न : आईच्या सुरीला मूठ बसवायची आहे. घरात जुना पांढरा प्लॅस्टिकचा जाड चॉपिंग बोर्ड आहे, १२ एमएमचा, तो कापून वापरला तर चालेल का? एकदा चिकटवून बघितलं, लगेच सुटलं. दुसरा पर्याय म्हणून रंगीत अॅक्रिलिक घेतलंय.
— वाचक, सहकारनगर

उत्तर : पांढरे बोर्ड बहुतेक एचडीपीईचे असतात, आणि एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन, डेलरिन या गुळगुळीत प्लॅस्टिक मंडळींना कुठलाच घरगुती गोंद धरत नाही, त्यांचा पृष्ठभागच तसा आहे, कितीही खरखरीत केला तरी. म्हणून चिकटवायचा नादच सोडा, पण बोर्ड फेकूही नका. टँग पूर्ण लांबीची असेल तर दोन्ही बाजूंना बोर्डाच्या पट्ट्या लावून तीन पितळी रिव्हेट मारा, डोकं खोलगट भोकात बसवून. कितीतरी खाटकांच्या सुऱ्यांच्या पांढऱ्या मुठी अशाच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या साच्यात पात्यावरच ओतलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात. पट्टी आणि पोलादाच्या मधे पाणी शिरू नये म्हणून फूड ग्रेड सिलिकॉनचा पातळ थर द्या, तो धरायला नाही, फट बुजवायला.

अॅक्रिलिक चिकटतं, पण त्याचा त्रास वेगळा. तापमान ३० डिग्रीने वाढलं की १२० एमएमची अॅक्रिलिकची पट्टी पाव एमएम वाढते आणि तेवढंच पोलाद अर्धा दशांश एमएमसुद्धा वाढत नाही, मग दोघांची ओढाताण त्या गोंदावर. जी १० पोलादाच्या जवळपासच वाढतं म्हणून ते इतकं टिकतं. अॅक्रिलिक लावायचंच असेल तर मधे व्हल्कनाइज्ड फायबरचा पातळ थर घाला, थोडा लवचिक असल्याने तो ओढाताण सोसतो. रिवाइंडिंगवाले मोटरच्या खाचेत घालतात त्या लेदरॉइड पेपरच्या जातीचा माल, त्यांच्याकडेच मिळेल. मात्र हे फायबर पाणी पितं, म्हणून कडा सायनोअॅक्रिलेटने, म्हणजे आपल्या फेव्हिक्विकने, दोन-तीनदा बंद करा. आणि आईंना सांगा की सुरी सिंकमधे भांड्यांखाली बुडवून ठेवायची नाही, धुतली की लगेच पुसून उभी करायची.